मुरवाहीची कोमट विहीर

मीटरचा आकडा उतरत होता, गावातले दिवे मिणमिणत होते आणि आमचं मुरवाही गाव मात्र खूश होतं.

आमच्या गावाखाली कोळसा जळत होता. बंद पडलेल्या खाणीत लागलेली ती आग एकोणीस वर्षं विझली नव्हती. जमिनीखालच्या आगीत ज्वाळा दिसत नाहीत. भेगांतून धूर येतो, भिंतींना तडे जातात आणि माणसं एकेक करून निघून जातात. पाचशे घरांपैकी आता साठ उरली होती.

त्या साठ घरांना वीज मिळायची तीही त्याच आगीतून. ती सोय माझ्या आबाजींची, म्हणजे आजोबांची. डोमाजी रामटेके खाणीच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. त्यांनी नॅनोनळ्यांच्या (कार्बनच्या अणूंच्या, केसाच्या पन्नास हजाराव्या भागाइतक्या बारीक नळ्या) काळ्या पट्ट्या विणून घेतल्या. एक टोक खाली तापलेल्या खडकापर्यंत सोडलं, दुसरं विहिरीच्या गार पाण्यात. तापलेल्या टोकातले विद्युतकण (विजेचा भार वाहणारे कण) जास्त धावपळ करतात आणि थंड टोकाकडे सरकतात. त्यांचं हे सरकणं म्हणजेच वीज.

"मग तांब्याची तार का नाही चालत?" मी एकदा विचारलं होतं.

"तांबं उष्णताबी लगेच पोचवते, पोरी. दोन्ही टोकं सारखी झाली का खेळ खलास. या नळ्यांच्या गुंत्यात उष्णता जागोजागी अडकते, वीज मात्र निघून जाते."

जुळणी अशी होती, की दोन टोकांत एका अंशाचा फरक असला की मीटर एक व्होल्ट (विजेचा दाब मोजायचं माप) दाखवायचा. सुरुवातीला खाली सत्तर अंश होते आणि विहिरीत सत्तावीस, म्हणून मीटरवर त्रेचाळीस. खालचा तापमापक पहिल्याच वर्षी बिघडला. तेव्हापासून सगळे फक्त मीटर पाहायचे.

मी बारा वर्षांची होते त्या हिवाळ्यात मीटर तेहेतीसवर आला.

"आग थंडी होऊन रायली, श्रावस्ती," आबाजी म्हणाले. आजी गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसले होते. दुसऱ्या दिवशी पुनर्वसनाचे (लोकांना दुसरीकडे वसवण्याचे) अधिकारी शेवटचं विचारायला येणार होते, गाव सोडता की राहता? आबाजी 'राहतो' म्हणणार होते आणि साठही घरं त्यांच्या शब्दावर थांबली होती.

सकाळी मी विहिरीवर गेले. छबूमावशी धुणं धूत होती.

"पानी कसं मस्त कोमट लागून रायलं," ती म्हणाली.

थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतंच. हवा गार होते, पाणी होतं तसंच राहतं. त्यामुळे कुणालाच काही वाटलं नव्हतं. मी नुकत्याच ओढलेल्या बादलीत हात घातला. पाणी गार लागेना की गरम. हात पाण्यात आहे हेच कळेना. मी धावत घरी जाऊन ताप बघायचा थर्मामीटर आणला आणि पाण्यात धरला. सदतीस.

तेहेतीस आणि सदतीस, सत्तर. खालचं टोक एका अंशानेही निवलं नव्हतं. फरक घटला होता तो विहीर तापल्यामुळे. विहीर घरांना लागूनच होती, म्हणजे आग आडवी सरकत आमच्या घरांखाली आली होती. मी तशीच घराकडे पळाले.

आबाजींना सांगितलं तर ते चिडले. "थंडीत लागतेच पानी कोमट."

"हाताला लागतं, आबाजी. थर्मामीटरला नाही लागत."

ते स्वतः विहिरीवर आले, तीनदा मोजलं आणि काठावरच बसले. म्हणाले, "मीटर फक्त फरक सांगते, हे मीच तुले शिकवलं. पन मले इथंच रायचं होतं ना. म्हनून जे पायजे तेच वाचलं मी."

दुपारी सगळ्यांसमोर ते उभे राहिले. "माझं चुकलं," म्हणाले. "आग पायाखाली आली. निघा." कुणी वाद घातला नाही. छबूमावशी डोक्याला हात लावून तिथेच खाली बसली.

आम्ही निघाल्यावर बाविसाव्या दिवशी विहीर कडेच्या चार घरांसकट जमिनीत गेली. आबाजी नव्या गावात दीडच वर्ष जगले. ते गाव त्यांना कधी आपलं वाटलं नाही. मलाही नाही.

आता पट्ट्या बसवायचं काम मी करते. भट्ट्यांच्या, कारखान्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून आम्ही वीज काढतो आणि प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना तापमापक लावतो. मुरवाहीच्या मोकळ्या रानातही मी तशा पट्ट्या सोडल्या आहेत.

यंदा तिथला मीटर एका व्होल्टने उतरला. मी आधी वरचं टोक पाहिलं. ते होतं तसंच गार होतं. मग खालचं पाहिलं. ते एका अंशाने निवलं होतं. मगच छबूमावशीला फोन केला.