शिल्लक एक

माझा आतेभाऊ रेजाँ याच्याकडे अकरा हजार चारशे पूर्वज आहेत. ते त्याच्या संगणकात राहतात. त्यांत दोन राजे आहेत, एक संत आहे. पण फ्रान्सहून जहाजात बसून इकडे आलेली मोलकरीण एकही नाही. पूर्वज शोधणाऱ्यांना मोलकरणी सापडत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे.

मी निवृत्त होईपर्यंत सरकारी प्रयोगशाळेत मातीचे नमुने तपासत असे. मला जुनं हस्ताक्षर वाचता येतं, आणि जे लिहिलेलं नाही ते मी वाचत नाही. ही दुसरी सवय रेजाँच्या छंदात कुणालाच नसल्यामुळे तो अडला की माझ्याकडे येतो.

२००६च्या जुलैत तो आला तो कुलचिन्ह छापलेला टीशर्ट घालून. हे चिन्ह त्याने घरपोच मागवलं होतं. आमचं कूळ नदीकाठी बटाटे लावणाऱ्यांचं.

"सॉलांज, तूच सांग आईला. माझं ऐकत नाही ती."

त्याची आई म्हणजे माझी रोझ-एमे आत्या. वय एक्याण्णव, हृदय थकलेलं. शेवटच्या दिवसांतल्या माणसांसाठी गावात एक शुश्रूषागृह आहे, तिथे ती होती. तिची थोरली बहीण एक्झिल्डा १९१८च्या फेब्रुवारीत, सहा वर्षांची असताना गेली. आत्याला एकच हवं होतं, की आपल्याला तिच्या शेजारी पुरावं. "कुठे ठेवलंय तिला ते दाखवा, मग मी जाते," ती म्हणायची. "थांबायची हौस नाही मला."

रेजाँने हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवून टाकला होता. चर्चच्या नोंदवहीतली तारीख उतरवून त्याने ग्रॅनाइटचा दगडही घडवून घेतला होता : 'एक्झिल्डा येथे विसावली, १४ फेब्रुवारी १९१८.' पंचवीस जुलैला कुटुंबमेळावा होता. अनावरण, भाषण, फोटो. आत्याला मात्र ती जागा पटत नव्हती.

"फेब्रुवारीत?" मी विचारलं. "खोदलं कशाने? सुरुंग लावून?"



आमच्याकडे हिवाळ्यात जमीन चार-पाच फूट गोठते. यंत्रं येण्यापूर्वी डिसेंबर ते एप्रिल या काळात गेलेल्या माणसाला चर्चमागच्या दगडी कोठीत ठेवत. मे महिन्यात जमीन मऊ झाली की कबरी खणत, मग शवपेट्या बाहेर काढत. म्हणून हिवाळ्यातल्या मृतांच्या दोन नोंदी असतात, एक कोठीत ठेवल्याची आणि दुसरी पुरल्याची. हे इथल्या कुणाही म्हातारीला ठाऊक आहे. ज्याच्याकडे अकरा हजार पूर्वज आहेत त्याला ठाऊक नव्हतं.

मी नोंदवही स्वतः पाहिली. एक्झिल्डाची पहिली नोंद होती. दुसरी नव्हती. मे महिन्यात नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही.

"पाद्री विसरला असेल," रेजाँ म्हणाला.

"त्या मे महिन्यात त्याने आठ माणसं लिहिली आणि नववं विसरला?"

चर्चची देखभाल फेर्नाँ करतो. सत्तरीचा, बोलायला कंजूष. त्याने कपाटातून कोठीची वही काढून दिली. ही वही पाद्र्याची नाही, कोठीची किल्ली ज्याच्याकडे असे त्याची. दर वसंतात एक ओळ. १९१८ : आत नऊ, बाहेर आठ, शिल्लक एक.

पुढचं वर्ष : आत सहा, बाहेर सहा, शिल्लक एक.

मी पान उलटत गेले. माणसं बदलली, शाई बदलली, पुढे बॉलपेन आलं. शिल्लक एकच. शेवटची ओळ १९६३ची. त्या वर्षी यंत्र आलं आणि कोठी बंद झाली.

"एकाने केलेली चूक बाकीच्यांनी उतरवली," मी म्हणाले. "रेजाँच्या वंशावळीसारखी."

"असेल," फेर्नाँ म्हणाला. "ही शेवटची ओळ माझ्या बापाची आहे. तो मोजल्याशिवाय लिहायचा नाही."

कोठीत आता चर्चच्या घडीच्या खुर्च्या ठेवतात. दुपारी दोन वाजता त्याने ती उघडली. बाहेर एकतीस अंश होते. माझ्या पिशवीत जुन्या सवयीने मातीचं तापमान मोजायचा थर्मामीटर असतो. आत पारा उतरत उणे दोनवर थांबला. दगडी बांधकाम गार राहतं हे खरं. इतकं राहत नाही, हेही खरं.

दोन्ही भिंतींना तीन-तीन फळ्या होत्या. पाचांवर खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या. डावीकडची खालची फळी रिकामी होती. तिच्यावर धूळही नव्हती.

"इथे का नाही ठेवत?" मी विचारलं.

"नाही ठेवत," फेर्नाँ म्हणाला.

रेजाँ फोटो काढत होता. त्याच्या तोंडातून वाफ येत होती, तरी तो आनंदात होता. "सॉलांज, मेळाव्यात हे सांगितलं ना, लोक रडतील बघ!"

मला त्याचा वीट आला. दगडाचा, टीशर्टचा, मेलेल्या पोरीवर मिळणाऱ्या टाळ्यांचा. मी फळीकडे वळून मोठ्याने म्हणाले, "चल गं बाई, ऊठ. तुझी बहीण वाट बघतेय. पुरे झाला हा तमाशा."

रेजाँ हसला. फेर्नाँ हसला नाही. त्याने टोपी काढली आणि दारातून बाजूला झाला, आपण पेटीला वाट देतो तसा. थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग टोपी घालून कुलूप लावलं.

शुश्रूषागृहाकडे जाताना गाडीत रेजाँ म्हणाला, "एसी कमी कर ना."

एसी बंद होता. मागच्या काचांवर वाफ धरली होती. आतून.

मी गाडी चालवत होते आणि आरशात बघत नव्हते.

आत्या जागी होती. ती पलंगाच्या अगदी डाव्या कडेला सरकली होती. पडेल म्हणून परिचारिका तिला मध्ये घ्यायला बघत होती.

"राहू दे गं," आत्या तिला म्हणाली. "जागा लागेल."

"आई, कोठी रिकामी आहे," रेजाँ म्हणाला. "तिथे कुणी नाही."

"आता कशी असेल?" आत्या म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली. "तू हाक मारलीस म्हणे. किती रागाने मारलीस गं."

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. रेजाँने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्यानेही सांगितलं नव्हतं.

तिने उजवा हात पांघरुणाखाली घातला आणि डोळे मिटले. साडेचारला गेली. दार वाजलं नाही, कुणी ओरडलं नाही. परिचारिकेने वेळ लिहिली.

मी तिच्या डाव्या हाताला हात लावला. कोमट होता. माणूस गेल्यावर जितका असतो तितका.

पलंगाला वळसा घालून मी पांघरूण उचललं. उजवा हात मनगटापर्यंत पांढरा होता, आणि कडक. गोठलेलं मांस कसं लागतं हे मला माहीत आहे. बोटं वळलेली होती, पूर्ण मिटलेली नव्हती.

मी पांघरूण परत घातलं.

रेजाँ दारात रडत होता. त्याने रडतच विचारलं, "दगडाचं काय करू?"

"मेळावा रद्द कर," मी म्हणाले.

दोन दिवसांनी अंत्यविधीवाल्याचा फोन आला. तो आमच्या ओळखीचा, व्यवहारी माणूस. आवाज खाली आणून बोलत होता.

"बाई, कपडे घातले, केस विंचरले, सगळं नीट झालंय. फक्त तो उजवा हात अजून वितळत नाही."

"बरं."

"आणि एक विचारायचं होतं. तीनदा मधोमध निजवलं त्यांना. सकाळी बघतो तर परत कडेला. रुंद पेटी मागवू का?"

"मागवा," मी म्हणाले.