डावा हात कोणाचा

ही घटना खरी आहे. जिच्यावर गुदरली, त्या वैजयंतीच्या तोंडून मी ती ऐकली. आणि वैजयंती काही भुताखेतांना मानणारी नाही. बंगळूरला ती मेंदूवर संशोधन करते, मुलांना शिकवते. समोर भूत आलं तर आधी त्याच्या डोक्याचा स्कॅन काढायला पाठवील, अशी बाई.

गाव कामरगाव, जिल्हा वाशीम. वेळ रात्रीची नव्हती. वैशाखातली भर दुपार होती.

रात्रीच्या भीतीला दिवा तरी लावता येतो. दुपारच्या भीतीला काय लावणार?

ती सुट्टीत भावाकडे आली होती. भाऊ जानराव शेतात गेला होता. बेबीवहिनी मागच्या अंगणात पापड वाळत घालत होती. वैजयंती ओसरीलगतच्या खोलीत खाटेवर पडली होती. कूलरची घरघर चालू होती.

मग लाईट गेली.

कूलर थांबला. रस्त्यावरची जीप थांबली. चिमण्या गप्प झाल्या.

आणि तिच्या डाव्या कानाजवळ... कुणीतरी हळूच श्वास सोडला.

गार वारा. डाव्या अंगावरून डोक्यापासून पायापर्यंत गेला.

तिनं वळून पाहिलं. डावीकडे काहीच नव्हतं. म्हणजे रिकामी जागा होती असंही नाही... डावी बाजूच नव्हती. दार अर्धंच होतं. भिंतीवरचं कॅलेंडर अर्धंच होतं.

‘उजव्या मेंदूत रक्त अडकलं,’ तिनं मनाशी म्हटलं. एखाद्या मुलाचा पेपर तपासावा इतक्या शांतपणे. भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

तेवढ्यात तिला कळलं...

खाटेवर तिच्या शेजारी एक हात पडला होता. जड. थंडगार. दुसऱ्याच कुणाचा तरी.

वहिनी पाणी प्यायला आत आली आणि दारातच थबकली.

"वैजूताई, तोंड काहून वाकडं झालं तुमचं?"

मग तिनं नवऱ्याला फोन लावला. "लवकर या. ताईच्या अंगावरून वारं गेलं."

लकवा मारला की आपल्याकडे असंच म्हणतात. वैजयंतीला या बोलण्याचं नेहमी हसू यायचं. त्या दिवशी तिला ते वारं लागलं होतं.

अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. वेळेत पोचले म्हणून जीव वाचला. डॉक्टरांनी तिचा डावा हात उचलून तिच्या डोळ्यांपुढे धरला.

"मॅडम, हा हात कोणाचा?"

तिनं उत्तर दिलं... आणि ते ऐकून तिलाच नवल वाटलं.

"आत्याचा."

डॉक्टर हसले. तीही हसायला गेली, अर्ध्या तोंडानं. असं होतं हे तिला ठाऊक होतं. मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला की चांगली शहाणी माणसंसुद्धा म्हणतात, हा हात माझा नाही, नवऱ्याचा आहे, शेजाऱ्याचा आहे. दरवर्षी ती हे वर्गात शिकवायची.

पण हे तिनं पहिल्यांदा पुस्तकात वाचलं नव्हतं. लहानपणी याच घरात ऐकलं होतं.

रुख्मिणीआत्या. वडिलांची बहीण. तिच्याही डाव्या अंगावरून वारं गेलेलं. त्याच खोलीत, त्याच खाटेवर ती कित्येक वर्षं पडून होती. आत्या डावखुरी होती, आणि नेमका तोच हात गेला. आणि त्या मेलेल्या हाताकडे बोट दाखवून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची,

"हा हात माहा नोय. वैजूचा हाय. तिले देऊन टाका."

सगळे हसायचे. वैजूही हसायची. पुढे ती मेंदूच्या मागे लागली ती त्या एका वाक्यापायी.

दवाखान्यातून ती कामरगावलाच आली. दुसरी खोली नव्हती, म्हणून पुन्हा त्याच खाटेवर. चालता येऊ लागलं, तोंड सरळ झालं. हात मात्र परकाच राहिला. तिला एवढंच हवं होतं, की एकदा तरी वाटावं, हा माझा आहे. रोज ती त्याच्याकडे बघत व्यायाम करायची. तो निपचित पडून राहायचा.

एका दुपारी वहिनी चहा घेऊन आली.

"वैजूताई, या वाती कोनं वळल्या?"

खाटेच्या डाव्या बाजूला... गादीतल्या कापसाच्या वाती. बारीक, एकसारख्या. ओळीनं मांडलेल्या.

"मले कुठं येतात वाती वळता?"

वहिनीनं एक वात उजेडात धरली. मग पटकन खाली ठेवली.

"पीळ उलटा हाय. डाव्या हातानं वळलेली हाय ही. या घरात असा पीळ आत्याबाईच घाले, सासूबाई सांगे."

चहा निवला.

त्यानंतर हात भराभर सुधारला. बटण लावू लागला, कप धरू लागला. डॉक्टर खूश झाले. वैजयंती बंगळूरला परतली, पुन्हा शिकवू लागली. वर्गात बोलता बोलता तो हात टेबलाखाली ओढणीचा धागा वळत असतो. ती थांबवत नाही. तो थांबतही नाही.

तो काम करतो. तिचा मात्र झाला नाही.

मध्यंतरी तिनं वहिनीला फोनवर विचारलं, "आत्याले नेली तवा तो हात..."

वहिनी म्हणाली, "सरनावर सारखा बाहेर येऊन राह्यला होता. तुमच्या भावानं दोनदा आत ठेवला. संगच गेला तो, ताई. जळून गेला."

वैजयंतीनं फोन ठेवला. आत्याचा हात आपल्याकडे आलाय, हे तिनं एव्हाना मानलं होतं. मग आत्याजवळ होता, तो कोणाचा?

"भीती नाही वाटत?" मी तिला विचारलं.

"वाटायला पाहिजे, एवढं समजतं," ती म्हणाली.

तिचा डावा हात अजून बधिर आहे. टाचणी टोचली तरी कळत नाही. बर्फ ठेवला तरी कळत नाही.

फक्त कधीकधी, भर दुपारी... तो भाजतो.