पिंपात सोडायची मेणबत्ती

अनिश, तो मोठा दिवा घालव. एवढा पुरे. स्वराली, इकडे सरक बाळा, खिडकीपाशी गार लागतं.

आमचा पद्माकर आठवतो ना? इथे बेलग्रेव्ह रोडच्या मागे राहायचा, इलेक्ट्रिशियन. हे त्याच्या बाबतीत घडलं. २००५ सालचं लक्ष्मीपूजन, एक नोव्हेंबर, मंगळवारची रात्र.

स्कॉटलंडात डोंगराच्या पायथ्याशी एक जुनी डिस्टिलरी होती. आजोबा-पणजोबांच्या काळापासून तिथे व्हिस्की व्हायची, मग वीसेक वर्षं कुलूप. नव्या मालकाला ती पुन्हा चालू करायची होती, म्हणून हा वायरिंगला गेला. हाताखाली यशोधन, पुण्याचा. नवीन लग्न झालेलं. बायको तिकडे व्हिसाची वाट बघत होती. "काका, हे तुमच्या भरवशावर आहेत हो," ती पद्माकरला फोनवर म्हणाली होती.

त्या रात्री वीज तोडलेली. "काका, पिंपाची वायर एकदा बघून येतो," म्हणत यशोधन टॉर्च घेऊन गेला.

पिंपं म्हणजे काय, तर दोन माणसं उंच, लाकडी; तोंड वरच्या मजल्यावर कमरेएवढं, आत उतरायला शिडी. त्यांत बार्लीचं पाणी आंबायचं. आता सगळी कोरडी, रिकामी.

पद्माकरला वाटलं, सणाची रात्र, एक दिवा तरी लावू. कोनाड्यात जुनी मेणबत्ती होती, तारेला बांधलेली. ती पेटवली, हात जोडले.

तेवढ्यात पिंपातून आवाज आला. ठक. ठक.

"पद्माकरकाका... वर घ्या..."

हा शिडीकडे धावला. मागून म्हाताऱ्या वॉचमनने, इवनने, त्याला कमरेला धरलं.

"थांब! ती मेणबत्ती कुणी लावली?"

"सोड मला! पोरगं आत पडलंय!"

इवनने त्याला मागे ओढलं, मेणबत्ती घेतली, तारेने पिंपात सोडली. विझली. पेटवून पुन्हा सोडली. पुन्हा विझली.

"खाली श्वासाला हवा नाही. बार्ली आंबली की जड हवा साचते. मेणबत्ती विझली तर कुणी उतरायचं नाही. काढायला गेलेलाही वर येत नाही."

"पण पिंप कोरडं आहे..."

इवनने त्याला पुन्हा मिठीत आवळलं.

ठक.

"काका..."

पद्माकर रडत होता. हात आत घालत होता. हाताला काही लागत नव्हतं.

ठक...

मग तेही नाही.

...

दार वाजलं. यशोधन. हातात चिप्सची पुडकी.

"अहो काका, गावात जाऊन आलो. भूक लागली होती. रडताय काय? सणाला घर आठवलं वाटतं?"

पद्माकरने यशोधनचा हात घट्ट धरला. इवनने विचारलं,

"तुला कुणाचा आवाज आला?"

"याचा. तुला?"

"माझ्या भावाचा. याच पिंपात गेला तो. तेव्हाही मेणबत्ती माझ्याच हातात होती... आणि मी असाच उभा होतो."

ती मेणबत्ती पद्माकरने सोबत आणली होती; तो वारला तेव्हा माझ्याकडे आली. चार वर्षं कपाटात आहे, हीटरच्या शेजारी. दर लक्ष्मीपूजनाला लावून बघतो, पेटत नाही.

घे अनिश. वातीला बोट लाव.

...

ओली आहे ना?

आता वास घे. आंबलेल्या बार्लीचा.