निर्मळच्या चढावर बंद पडणारी गाडी

"कोणीतरी माझ्या जिवावर उठलंय," लुईस तुस्कानो म्हणाले. पाठीमागे कोणी येऊ नये म्हणून त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवली होती.

साल २००१. क्षितिजा पाटणकर पूर्वी भौतिकशास्त्र शिकवत असे; आता वसईत खासगी तपास करी. तिचा चुलतभाऊ जितेंद्र बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन तिच्या मदतीला आला होता, म्हणजे बहुधा तिच्याकडचा चहा प्यायला.

लुईस जवळच्याच वटार गावचे. थोरले भाऊ जॉन नुकतेच वारले, तेव्हा त्यांची जुनी जर्मन गाडी आणि मुलगा जेन्सन, दोन्ही लुईस यांच्याकडे आले. गाडी फक्त रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघे. इंजिनात पेट्रोल फवारणारा तिचा पंप एका दातेरी पट्ट्यावर फिरत असे. पट्टा सैल पडला की दात चुकतो आणि इंजिन बंद पडतं.

"लागोपाठ दोन रविवार. निर्मळच्या तळ्याकाठी, त्याच चढावर. परवा तर मागून ट्रक येत होता. इंजिन बंद पडल्यावर ब्रेक दगडासारखा झाला. मागे घसरत पाण्याच्या काठाशी थांबलो."

"जाताना की येताना?"

"जाताना. येताना कुरकुरसुद्धा नाही."

"पट्टा कोण तपासतं?"

"मीच. मिस्सेहून परतल्यावर लगेच. आधी हाताला तेल लागू देत नाही; त्याच हातावर कम्युनियनचा पवित्र प्रसाद घ्यायचा असतो." त्यांच्या अंगठ्यावर फोड होता. "चटका बसला. अंगठ्याने दाबून ताण नेमका लावतो, गॅरेजला कुलूप घालतो. पुढच्या रविवारी पट्टा लोंबतो! दुसरी किल्ली जेन्सनकडे आहे. सोमवारी मी पोलिसांत जाणार."

वटारला त्यांची पत्नी क्लेमेंटीन दाराआडूनच बोलली. "रात्री आतून कडी लावून झोपतो आम्ही. ज्या पोराला या हाताने भरवलं, त्याची पावलं ऐकून घाम फुटतो, बाई."

मेकॅनिक सिद्धेश वैतागलेला होता. "मॅडम, दोन्ही वेळा मी रस्त्यावरच दात जुळवून पट्टा नीट ताणला. घरून चढापर्यंत गाडी अशी किती चालणार? इंजिन पुरतं तापलंही नव्हतं. तर घरी जाऊन हे म्हणतात, पट्टा तारेसारखा आवळलाय! मग स्वतः सैल करतात. मी काय भूत आहे?"

जेन्सन बावीस वर्षांचा, पायरीवर बसलेला. त्याने न विचारताच किल्ली पुढे केली.

"पप्पा शनिवारी बघायचे पट्टा. मला हात लावू देत नसत. अंकलही देत नाहीत. पोलिसांत द्यायचं तर द्या. मी जाणार कुठे?"

"फारच शांत आहे पोरगा," परतताना जितेंद्र कुजबुजला. "मला संशय येतो."

"तू झोपलास की तूही शांत असतोस, दादा."

शनिवारी क्षितिजाने इंजिन पूर्ण तापेपर्यंत अंगणात चालवायला लावलं. मग लुईस यांनी सर्वांसमोर अंगठ्याने पट्ट्याचा ताण नेमका लावला. दोन्ही किल्ल्या तिने पर्समध्ये टाकल्या आणि कुलपावर लाखेची मोहर लावली.

रविवारी सकाळी मोहर शाबूत होती. बॉनेट उघडलं. पट्टा लोंबत होता.

क्लेमेंटीनने छातीवर क्रूस काढला. लुईस यांचा चेहरा राखेसारखा झाला. "किल्ली कोणाकडेच नव्हती. म्हणजे... जॉन?"

"भुताला दोष देण्याआधी एक प्रयोग करू. सिद्धेश, गार इंजिनावर पट्टा नीट ताण."

त्याने ताणला. क्षितिजाने इंजिन सुरू केलं. ते चांगलं तापेपर्यंत कोणी जवळ गेलं नाही. मग तिने ते बंद केलं. "जितूदादा, दाब आता."

जितेंद्रने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "आई गं! भाजलं! आणि हा तर तारेसारखा आवळलाय!"

"कोणी आवळला?"

जितेंद्रने बोटावर फुंकर घातली.

"धातू तापला की फुगतो," क्षितिजा म्हणाली. "पट्टा ज्या दोन चाकांवर फिरतो त्यांच्यातलं अंतर वाढतं, पट्टा स्वतः तितका वाढत नाही, म्हणून ताणला जातो. जॉन शनिवारी पट्टा बघत, म्हणजे आठवडाभर उभ्या असलेल्या गार गाडीचा. मिस्टर तुस्कानो, तुम्ही मिस्सेहून येऊन लगेच बघता, अंगठ्याला फोड येण्याइतक्या तापलेल्या इंजिनावर. सिद्धेशने योग्य ताणलेला पट्टा तुम्हाला आवळलेला वाटला. तुम्ही तो सैल केलात. इंजिन गार झालं आणि पट्टा लोंबला. सपाट रस्त्यावर तो कसाबसा चालतो. चढावर जोर पडला की दात चुकतो. येताना इंजिन तापलेलं, पट्टा घट्ट. म्हणून येताना कधीच नाही."

"मग मारेकरी?" जितेंद्रने विचारलं.

"कोणीच नाही. एका श्रद्धाळू माणसाने स्वच्छ ठेवलेले हात."

लुईस यांनी स्वतः बॉनेट मिटलं. मग म्हणाले, "जेन्सन, पोरा, आज गाडी तू चालव."

जेन्सनने स्टिअरिंगमागे बसून इंजिन सुरू केलं. क्लेमेंटीन मागे बसली. लुईस यांनी पुढचं दार उघडलं आणि एक पाय आत टाकून थांबले. त्यांची नजर आधी बॉनेटकडे गेली, मग पुतण्याच्या हातांकडे. क्षणभरच, पण सगळ्यांनी पाहिलं.

जेन्सननेही. त्याने इंजिन बंद केलं, तो उतरला आणि केळीच्या बागेच्या कडेने निर्मळच्या रस्त्याला चालू लागला.

"थांब रे!" लुईस धावले. या वयात, मिस्सेच्या बुटांत, धापा टाकत.

जितेंद्र गाडीकडे वळला. "मी नेऊन सोडतो त्यांना."

"नको," क्षितिजा म्हणाली. "चालतच जाऊ दे दोघांना."