गुलाबी बोटांचे ठसे

हिरवी टिकली.

सुगरणीचं घरटं.

द्राक्षबागेतली गुलाबी पेस्ट.

शहरातल्या द्वारका चौकात भर दुपारी अडकलेला ट्रक आणि त्याचा न थांबणारा हॉर्न.

हे सगळं एकाच टॅबभोवती गोळा झालंय. तो टॅब आत्ता माझ्या दुकानात आहे. तुम्हाला पटणार नाही, नका पटवून घेऊ. मी माझ्या कानांनी ऐकलंय.

त्या चौकाजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. धाकटी बहीण प्रतिभा सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर शिक्षिका. तिच्या शाळेला टॅब मिळालेत. मुलं टॅबसमोर धडा वाचतात, टॅब त्यांचा आवाज साठवून ठेवतो. आपला टॅब ओळखू यावा म्हणून मुली मागे टिकली चिकटवतात.

हिरवी टिकली निकिताची. चौथीतली. वर्गात सगळ्यात खणखणीत वाचणारी.

भात कापून झाला. मजूर न्यायला जीप आली. निकिता आईबापासोबत द्राक्षाच्या कामाला गेली. प्रतिभाने तिचा टॅब बंद केला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं.

पुढच्या सोमवारी प्रार्थना संपली आणि...

कपाटातून आवाज आला.

"सुगरण गवताची काडी घेऊन आली."

मुलं खिदळली. "बाई, निकिता कामाला गेली तरी पहिला नंबर तिचाच!"

प्रतिभाने कुलूप काढलं. टॅब बंदच होता. काळ्या काचेवर मात्र...

ठसे. लहान बोटांचे. गुलाबी.

छाटणीनंतर द्राक्षवेलीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, पेस्ट लावतात. कुठला डोळा राहिला ते कळावं म्हणून तिच्यात रंग घालतात. बोटांवरून तो लवकर जात नाही.

पाड्यावर द्राक्षाची एकही वेल नाही.

तिने काच पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठसे, पुन्हा आवाज. पण ओळ तीच नव्हती.

पुढची होती.

रोज एक ओळ. आणि रोज आवाज थोडा बारीक.

"दादा, धडा संपत आलाय," प्रतिभा फोनवर रडत होती. "संपला तर पोरीचं काय होईल?"

"काहीतरी बिघाड असेल गं."

"बिघाडाला बोटं असतात का?"

निकिताच्या वडिलांचा, चिमाजींचा फोन लागत नव्हता. रविवारी आम्ही दोघांनी मोटारसायकलवर दिंडोरीकडच्या बागा पालथ्या घातल्या. उन्हं कलताना एका मांडवाखाली तिची आई सरुबाई दिसली.

शेजारी निकिता.

जिवंत.

प्रतिभाने तिला पोटाशी धरलं. "काय गं, बाईंना विसरलीस?"

निकिताने ओठ हलवले.

आवाज आलाच नाही...

"बोलत नाय बाई ती," सरुबाई म्हणाली. "इथं आली तवापासून. डॉक्टर म्हनतो, गळ्यात काय नाय. आन् हिचा बाप म्हनतो, नाटकं करती."

चिमाजी पलीकडच्या ओळीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आईबापाला विचारून प्रतिभाने निकिताला स्वतःकडे आणलं. पोर जेवते, खेळते. बोलत नाही. रोज पाटीवर लिहून विचारते : माझा टॅब कुठे?

टॅब माझ्याकडे. "उघड आणि बॅटरीच काढून टाक," प्रतिभा म्हणाली होती.

काढली. बाहेर तो ट्रक कोकलत होता. बॅटरी माझ्या हातात, टॅब टेबलावर उघडा...

"सुगरणीने शेवटची काडी विणली."

नुसती कुजबुज.

शेजारचा चहावाला किशोर डोकावला. "भाची आली का हो? मघाशी काहीतरी वाचत होती."

मला भाची नाही.

आता एकच ओळ राहिलीय. ती वाचून झाली की आवाज निकिताकडे परत येईल... की कायमचा जाईल?

प्रतिभा म्हणते, टॅब निकिताच्या हातात दे. तासाभराने फोन करून म्हणते, नको.

निकिताची बोटं आता स्वच्छ आहेत. काचेवरचे ठसे अजून ओले आहेत.

जीप सुटण्याआधी निकिता शाळेच्या दारात येऊन म्हणाली होती, "बाई, माझा धडा अर्धा राहिला."