पाठीवरून आलेला शब्द

राजरत्न गेला होता भांडायला, आणि उभा राहिला गळ्यात ‘ई’ अडकवून!

काळाचौकीच्या त्या शाळेत पाचवीचे दोन वर्ग, मध्ये नुसतं लाकडी पार्टिशन. अलीकडे त्याचं गणित, पलीकडे नव्या अक्षदा मॅडमचं इंग्रजी. पोरं अक्षरांचे पुठ्ठे गळ्यात घालून धावायची, शब्द जुळला की आरोळी ठोकायची… आणि इकडे त्याचे अपूर्णांक कोलमडायचे.

“मॅडम, हा आवाज—”

“बरं झालं आलात, सर! आमचा ‘ई’ आज गैरहजर आहे.” तिने पुठ्ठा त्याच्या गळ्यात घातलासुद्धा. “मनवाशेजारी उभे राहा. हलायचं नाही हं.”

तो हलला नाही. समोरचा माणूस किती पाण्यात आहे, हे राजरत्न चहा संपायच्या आत मांडून मोकळा होई. ही बाई मात्र त्याच्या कुठल्याच रकान्यात बसेना. कपाळावर खडूची पूड, डोळ्यांत हसू… आणि त्याची तक्रार तर सकाळीच मुख्याध्यापिकांकडे पोचलेली!

दुपारी मुख्याध्यापिका मृणालिनीबाईंनी निकाल दिला. “शुक्रवारी मी स्वतः वर्गात बसेन. आवाज झाला, तर खेळ बंद. सरळ पुस्तक उघडायचं.”

अक्षदाने त्याला जिन्यात गाठलं. “तक्रार तुमची?”

“हो… म्हणजे, तुम्हाला भेटायच्या आधीची.”

“मग भेटल्यावर मागे घ्यायची ना!”

तो धावत घ्यायला गेला. मृणालिनीबाई बधल्या नाहीत.

शुक्रवारी पार्टिशनपलीकडे चिडीचूप. ती शांतताच त्याला सोसेना. पोरांना गणितं घालून तो शेजारच्या दाराशी आला… आणि थबकला.

मुलं एकामागे एक बसली होती. अक्षदाने सर्वांत मागच्या मुलाच्या पाठीवर बोटाने अक्षरं काढली. त्याने ती पुढच्या मुलीच्या पाठीवर काढली, तिने तिच्या पुढच्याच्या. पाठीपाठीवरून शब्द सरकत होता— ओठ घट्ट, डोळे मिटलेले. लालबागकडून मिरची कांडपाचा ठसका आत शिरला. मुलांनी नाकं दाबली; बोटं थांबली नाहीत. सर्वांत पुढे बसलेली मनवा उठली आणि फळ्यावर अख्खं ‘बटरफ्लाय’ उतरलं. इंग्रजी स्पेलिंग, एकही चूक नाही! राजरत्नच्या अंगावर काटा आला. देवळातसुद्धा त्याने अशी शांतता ऐकली नव्हती.

शिंक आली, ती मृणालिनीबाईंना.

“चालू ठेवा खेळ,” नाक पुसत त्या उठल्या.

त्या जिना उतरल्या आणि मग जी आरोळी उठली!

“सर, चोरून काय बघता? बसा मनवाच्या पुढे,” अक्षदा म्हणाली.

तो बसला. मागे खुसखुस, मग शांतता. मनवाचं बोट पाठीवर फिरलं. त्याने उठून फळ्यावर लिहिलं— टी, ई, ए. मधला ‘ई’ तर त्याचा घरचाच!

“आता वाक्यात वापरा,” मागून अक्षदा म्हणाली. “नियम आहे आमचा.”

राजरत्नच्या हातातला खडू मोडला. “विल यू… हॅव टी विथ मी?”

“वाक्य बरोबर आहे, सर.”

“आणि… उत्तर?”

“वळून बसा. येईल.”

तो फळ्याकडे तोंड करून बसला. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं, मग त्याच्या पुढचं, मग त्याच्या पुढचं… हसू जवळ येत चाललं. मनवाचं बोट टेकलं. पहिलं अक्षर— वाय. गणिताच्या मास्तरांना बेरीज तिथेच कळली. तरी उरलेली दोन अक्षरं त्याने डोळे मिटून, पाठीवर पुरती घेतली.