लिंकमधला आकडा

"चूक मी दाखवली आणि चोरही मीच ठरले," तसनीम म्हणाली. महाडच्या कॉलेजात ती संगणक शिकवायची. खासगी गुप्तहेर नीला साठेसमोर ती बसली होती.

अम्मीचा रिपोर्ट पाहताना तिला लॅबच्या वेबसाइटमधली त्रुटी सापडली होती. लिंकमधला आकडा बदलला की दुसऱ्याचा रिपोर्ट उघडायचा. तिने लगेच फक्त लॅबचे मालक डॉ. आमोद यांना कळवलं. आठवड्यातच पोलादपूरच्या ललिताचा टीबीचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर गावभर फिरला. आता डॉक्टर तसनीमविरुद्ध पोलिसांत जाणार होते.

व्हॉट्सॲपवर फिरलेला रिपोर्टचा फोटो नीलाने मोठा केला. कागदावर जांभळा गोल शिक्का, कागदाखाली लाल रेक्झिन.

"त्रुटी हिलाच माहीत होती," नीलाचा सहकारी सुहास हळूच म्हणाला.

लॅबमध्ये डॉक्टरांनी वेबसाइटवरचा रिपोर्ट उघडून दाखवला. सहीखालची जागा कोरी होती.

"शिक्का कोण मारतं?" नीलाने विचारलं.

"मी," काउंटरवरची उझ्मा म्हणाली. "कागद हातात देताना. ललिताबाईंचा त्यांच्या नवऱ्याने नेला."

ललिताचा नवरा काशीराम पोलादपूरच्या स्टँडवर आपल्या रिक्षात भेटला. नीला मागच्या लाल सीटवर बसली.

"लॅबवाल्यांनी आमची लाज काढली, मॅडम."

"टीबी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला विंग्रजी वाचता येत नाय. मुंबईच्या मेव्हण्यानं फोनवर समजावलं."

"चला, लॅबमध्ये जाऊ."

तिथे तसनीमलाही बोलावलं होतं. सगळ्यांसमोर नीला बोलली, "वेबसाइटच्या रिपोर्टवर शिक्का नसतो. फोटोत आहे. म्हणजे फोटो काउंटरवरून गेलेल्या कागदाचा. खालचं रेक्झिन रिक्षाच्या सीटचं. काशीराम, न वाचता येणारा रिपोर्ट मेव्हण्याला कसा कळवलात?"

काशीराम पांढराफटक पडला. "फोटो धाडला... पण त्याला एकट्यालाच!"

त्याने तिथूनच फोन लावला. स्पीकरवर मेव्हणा म्हणाला, "भावोजी, मीच गावच्या ग्रुपवर टाकला. कोणीतरी चांगला डॉक्टर सुचवील म्हणून. चुकलं का माझं?"



"म्हणजे ती त्रुटी खोटी?" सुहासने विचारलं.

"खरी आहे. कुणी गैरफायदा घेण्याआधी हिने सांगितली, एवढंच," नीला म्हणाली.

डॉक्टरांनी सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून वेबसाइट बंद करायला लावली. मग तसनीमकडे वळले. "मॅडम, मी तुमचे आभार मानायला हवे होते. उलट आरोप केला. माफ करा."

"माझी ललिता?" काशीरामने विचारलं.

"बरी होईल. औषध मध्येच सोडायचं नाही, बस्स," डॉक्टर म्हणाले.

"तिला सांगतो," म्हणत काशीराम धावतच बाहेर पडला.

तसनीमने डोळे पुसले, फोन काढला. "अम्मी, ताट वाढ. मी घरी येतेय."